कॉनराड वीगांटचा राजीनामा

हल्ली जो तो म्हणतो, त्यांनी सत्ता हिसकावली. हिसकावली म्हणे! परवा माझ्याच खानावळीत बसून, माझीच सफरचंदाची वाइन ढोसत, कसाई फोल्कर मला सांगत होता, "एलीझे, आपण काय करणार होतो गं? त्यांनी हिसकावूनच घेतलं सगळं." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. म्हटलं, "फोल्कर, त्या दिवशी तू माझ्या मागच्या अंगणात पाईप ओढत उभा होतास. मी ग्लास धूत होते आणि खिडकीतून तू मला दिसत होतास. तेव्हा मला शिकवू नकोस." ग्लास अर्धा टाकून उठला आणि गेला. गेला तर गेला.

बर्लिनमध्ये काय झालं ते बर्लिनवाले सांगतील. आमच्या गावात जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आमच्या खानावळीच्या हॉलमध्ये. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये बिअरचे ग्लास द्यायला एक खिडकी आहे. तिथून मला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. आणि त्या हॉलमध्ये मधल्या खुर्चीवर बसायचा तो कॉनराड वीगांट. चांगला माणूस होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे.

कॉनराड खोगिरं शिवायचा. पुलाजवळ त्याचं दुकान. आत शिरलं की कातड्याचा आणि मेणाचा वास, आणि खिडकीशी वाकून बसलेला हा उंच माणूस. लगाम, पट्टे, शाळेची दप्तरं, काय म्हणाल ते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. त्याचा संसार म्हणजे आमचं पुरुषांचं गायन मंडळ. दर गुरुवारी सगळे हॉलमध्ये जमायचे, तासभर गायचे आणि मग दोन तास बिअर प्यायचे. कॉनराड त्यांचा अध्यक्ष. मंडळाची नियमांची पुस्तिका कोटाच्या आतल्या खिशात. तसं त्याला ती काढायची गरज नव्हती, तोंडपाठ होती.

त्याची एक रीत होती. अध्यक्ष म्हणून तो कधी मत द्यायचा नाही. दोन्ही बाजूंची मतं मोजायची, निकाल सांगायचा, घंटी वाजवायची, संपलं. पुस्तिकेत तसं लिहिलेलं नव्हतं हं! पुस्तिकेप्रमाणे अध्यक्षालाही सगळ्यांसारखंच एक मत होतं. पण याच्या आधीचा अध्यक्ष द्यायचा नाही, त्याच्या आधीचाही द्यायचा नाही, म्हणून हाही नाही. एकदा मंडळाची सहल काढायची ठरत होती. ऱ्हाइन नदी बघायची की जवळच्याच डोंगरावर जायचं? कॉनराडला जन्मभर ऱ्हाइन बघायची होती, साऱ्या गावाला माहीत होतं. एका मताने डोंगर जिंकला. हा बसला हात घंटीवर ठेवून.

त्या संध्याकाळी त्याच्या दोस्ताने, झेलिगमानने, त्याला असा झाडला! "अरे लगामा, तुझा हात कुणी शिवून ठेवलाय का खुर्चीला? एकदा वर केला असतास तर आपण आता बोटीत बसायची स्वप्नं बघत असतो."

कॉनराड शांतपणे म्हणाला, "मीच हात वर केला तर हरलेल्यांनी बघायचं कुणाकडे?"

मला ते तेव्हा फार आवडलं होतं. आता आठवलं की दात-ओठ खावेसे वाटतात.

झेलिगमान प्लाउट म्हणजे आमच्या गावचा गुरांच्या चाऱ्याचा आणि बियाण्यांचा व्यापारी. ठेंगणा, गोल, सतत कुणाची तरी टिंगल करणारा. मंडळात खर्जात गायचा. तो, कॉनराड आणि माझा नवरा योस्ट, असे तिघं चुलीजवळच्या टेबलावर पत्ते खेळायचे. हरला की झेलिगमान माझ्याकडे बघून ओरडायचा, "एलीझे, तुझा नवरा चोर आहे आणि हा खोगीरवाला त्याचा वकील!" मी कांदा-व्हिनेगर घातलेलं चीज त्यांच्यापुढे आपटायची आणि म्हणायची, "खा आणि गप्प बसा." असे दिवस होते ते.

मंडळात एक मोठा रिवाज होता. सभासद वारला की सगळं मंडळ काळे कोट घालून, झेंडा घेऊन दफनाला जायचं आणि खड्ड्यापाशी उभं राहून गायचं. गरीब-श्रीमंत, कॅथलिक-प्रोटेस्टंट, ज्यू, काही बघायचं नाही. झेलिगमानचे वडील गेले तेव्हा टेकडीवरच्या ज्यूंच्या दफनभूमीत सगळे गेले होते. तिथे टोप्या काढायच्या नसतात, हे आमच्या अडाणी लोकांनाही ठाऊक होतं. कॉनराडची बायको गेली तेव्हा झेलिगमान चर्चच्या आवारात असा गायला, की पाद्रीसुद्धा वळून बघायला लागला. परत येताना तो कॉनराडला म्हणाला, "माझ्या वेळी असंच हं. कंजूषपणा करायचा नाही. तिन्ही गाणी, सगळी कडवी."

कॉनराड म्हणाला, "शब्द दिला."

तर असा हा माणूस. पहिलं महायुद्ध लढून आला, कैसर पळून गेला, आणि आपल्याकडे लोकशाही आली. कॉनराडला ती इतकी आवडली, की काय सांगू! बायकांना मत मिळालं तेव्हा हा घरोघर फिरून आम्हाला सांगत होता. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "एलीझे, आता तुझं मत आणि कागदगिरणीच्या मालकाचं मत सारखं." मी म्हटलं, "माझे बटाटे करपतायत, सरक बाजूला." पण रविवारी गेले की मत द्यायला. हा दाराशी काळ्या कोटात उभा, कुणाचं तरी लग्न असल्यासारखा.

पुढे तो कोट घालून घालून झिजला. बत्तीस साली तर निवडणुकाच निवडणुका. राष्ट्राध्यक्षाची एकदा, पुन्हा दुसऱ्यांदा, मग संसदेची, मग परत संसदेची. कागदगिरणी बंद पडलेली, धडधाकट माणसं एका बिअरवर संध्याकाळ काढत बसलेली. बर्लिनमध्ये संसद नुसती नावाला. म्हातारा राष्ट्राध्यक्ष सही करायचा आणि कायदा व्हायचा. झेलिगमान म्हणायचा, "कॉनराड, तुझी लोकशाही आजारी दिसते. डॉक्टरला दाखव." कॉनराड म्हणायचा, "सगळं घटनेप्रमाणे चाललंय. घटनेत आहे तशी तरतूद." हे त्याचं ठरलेलं उत्तर. छत कोसळत असलं तरी हा माणूस आधी बघणार, कोसळायची तरतूद आहे का.

आणि मग तेहतीस साल. जानेवारीत नवा चान्सलर बसला. फेब्रुवारीत संसद जळाली. मार्चमध्ये त्याच संसदेने, उरलीसुरली होती तिने, दोन तृतीयांश मतांनी ठराव केला की आता आमची गरज नाही, यापुढे सरकारच कायदे करील. मी वर्तमानपत्र वाचलं आणि योस्टला विचारलं, "असं करता येतं?" योस्ट म्हणाला, "केलं की."

आमच्या गावात ईस्टर उलटला आणि एका गुरुवारी एगोन राबे मंडळात नव्या चान्सलरच्या पक्षाचा तपकिरी सदरा घालून आला. हा राबे टपालकचेरीत कारकून. आवाज मात्र असा, की वरच्या पट्टीत गेला की बायका खिडक्या उघडायच्या. त्या आवाजापायी आम्ही सगळ्यांनी त्याला डोक्यावर बसवून ठेवलं होतं. झेलिगमानने तर सगळ्यांत जास्त. डोक्यात काय भरलंय ते कुणी पाहिलंच नाही. त्याच्याबरोबर दुसऱ्या गावचे चार-पाच तपकिरी सदरेवाले होते. सुराशी काही देणंघेणं नाही, भिंतीला पाठ लावून हाताची घडी घालून उभे.

झेलिगमान मोठ्याने म्हणाला, "हे कोण? नवे खर्जवाले का? मला विश्रांती मिळणार वाटतं."

कुणी हसलं नाही. आमच्या शाळेचा शिक्षक म्हणाला, "अध्यक्ष, यांना बाहेर काढा." आणि कॉनराडने काय म्हणावं? "नियमाप्रमाणे सभेला श्रोते बसू शकतात." श्रोते! कमरेला दंडुके लावलेले श्रोते!

राबेने ठराव वाचला. वरून आदेश आलाय, मंडळाची नियमावली बदलायची. एक, ज्यू सभासद राहणार नाहीत. दोन, यापुढे मंडळात मतदान नाही. मंडळाचा एक नेता असेल, तो सांगेल ते व्हायचं. आणि हे सगळं म्हणे आज मतदान घेऊन मंजूर करायचं. मेल्याला लाजही वाटली नाही.

पुस्तिकेप्रमाणे नियम बदलायला पडलेल्या मतांतली दोन तृतीयांश मतं लागायची. आता हॉलमध्ये कोण कुठल्या बाजूचा, हे मला खिडकीतूनही कळत होतं. सगळे आपापल्या खुर्चीत बसून राहिले असते तर राबेला तितकी मतं सात जन्मांत मिळाली नसती. पण आमचे शहाणे उठले. शिक्षक उठला, वनरक्षक उठला, फोल्कर उठला, आणखी असेच भले भले उठले. शिक्षक म्हणाला, "असल्या ठरावावर मत देणंसुद्धा आम्हाला शोभत नाही. आम्ही निषेध म्हणून बाहेर जातो." माना ताठ, पावलं संथ. आणि त्यांच्या शेपटाला माझा योस्ट.

मी खिडकीतून हात घालून त्याची बाही धरली. "योस्ट, आत जा. खुर्चीत बस."

"तुला नाही कळायचं. हा सभात्याग आहे."

"कसला त्याग? मागच्या बाजूला मोकळा व्हायला चाललायस असं दिसतंय."

"एलीझे, चारचौघांत बोलू नकोस," असं म्हणून तो गेला. अंगणात जाऊन त्यांनी पाईप पेटवले. आपण केवढं तोंडावर मारलं म्हणून एकमेकांकडे बघत उभे. मला त्या मंडळात मत नव्हतं. बायकांना संसदेसाठी मत होतं, पण नवऱ्यांच्या गाण्यात नव्हतं. मला असतं तर खुर्चीला खिळे ठोकून बसले असते!

आत कॉनराड मतं मोजत होता. बाजूने सोळा. विरोधात आठ. त्या आठांत झेलिगमान स्वतः, हात सरळ वर, एरवी बिअर मागवताना असायचा तसा. कॉनराडने पुन्हा मोजली. चोविसात सोळा. बरोबर दोन तृतीयांश. ना कमी, ना जास्त. विरोधात आणखी एक हात वर गेला असता तर ठराव पडला असता. आणि हॉलमध्ये ज्याने मत दिलं नव्हतं असा सभासद एकच उरला होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. भिंतीजवळचे ते ठोंबेही बघायला लागले.

झेलिगमान म्हणाला, "कॉनराड." बस, एवढंच. टिंगल नाही, काही नाही.

कॉनराडचा चेहरा पांढराफटक पडला होता, हे मी पाहिलंय. ओठ हलत होते. मला वाटलं, आता करतो वर, आता करतो. तो म्हणाला, "अध्यक्ष मत देत नाहीत. ठराव मंजूर झाला आहे." आणि घंटी वाजवली.

झेलिगमान उठला. आपली गाण्याची वही कपाटात जागच्या जागी ठेवली. माझ्या खिडकीशी आला, रिकामा ग्लास दिला आणि म्हणाला, "मिन्ना वाट बघत असेल, येतो." मागच्या अंगणातून जायचा त्याचा नेहमीचा रस्ता. त्या निषेधवाल्यांनी त्याला वाट करून दिली. एकाने टोपीसुद्धा काढली म्हणे. काय उपकार!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाऊन कॉनराडला नाही नाही ते बोलले. "एक हात! एक हात वर करायला तुझ्या बापाचं काय जात होतं?"

त्याने सुई खाली ठेवली. "मला सोयीचं नाही म्हणून मी रीत मोडली, तर त्यांच्यात नि माझ्यात फरक काय राहिला?"

"त्यांच्याकडे दंडुके आहेत, हा फरक राहिला!"

"तेच म्हणतोय. काल ठराव पडला असता तर पुढच्या आठवड्यात त्यांनी दंडुक्याने करून घेतला असता."

"घेऊ दे ना मग! दंडुक्याने घेतला असता तर दंडुक्याने घेतला असं म्हणता तरी आलं असतं. आता काय म्हणायचं? आम्ही दिला. मोजून दिला. दोनदा मोजून दिला!"

त्याने पट्टा उचलला आणि पुन्हा शिवायला लागला. मी पुढचं ऐकायला थांबले नाही.

राबे नेता झाला. आपल्या पहिल्याच हुकमात त्याने सांगितलं की कुठल्याही सभासदाने ज्यूंच्या घरी समारंभाला जायचं नाही, लग्न असो की मयत, आणि गायचं तर मुळीच नाही. उन्हाळ्यात प्लाउटच्या दुकानासमोर तपकिरी सदरे उभे राहायला लागले. शेतकरी दुसऱ्या गावाहून चारा आणायला लागले. झेलिगमान पत्त्यांना येईना. येणार कसा? चुलीजवळच्या टेबलावर योस्ट आणि कॉनराड समोरासमोर बसायचे, पत्ते तसेच पडलेले.

ऑगस्टमध्ये झेलिगमानने अंथरूण धरलं. हृदय आधीपासूनच अशक्त होतं. मी बागेतले आलुबुखार घेऊन जायची. एकदा गेले तर कॉनराड तिथे आधीच बसलेला, पलंगाशी खुर्ची ओढून. तेवढं म्हणायला हवं, तो जायचा. घरात बसायला तेव्हा अजून बंदी नव्हती, बंदी समारंभाला होती. हा फरक त्याने मला समजावूनही सांगितला, माझं डोकं फिरवायला.

झेलिगमान वाळून अर्धा झाला होता. त्याला त्या दिवशी एकच चिंता. "एलीझे, मी गेलो की गातील का गं हे? की मला गुपचूप पुरतील, मेलेल्या कुत्र्यासारखं?"

मिन्ना, त्याची बायको, म्हणाली, "काहीतरीच काय बोलताय!"

"काहीतरीच नाही. माझ्या बापाला गायले. मी चाळीस जणांना गायलोय, मला पण हवं. मला काही झेंडा नको, मंडळ नको. एक जण आला तरी चालेल."

कॉनराड त्याचा हात धरून म्हणाला, "मी येणार. मी गाणार. मी मंडळाचा राजीनामा लिहून दिलाय, राबेच्या हातात दिलाय परवा."

मला असं भरून आलं! म्हटलं, शेवटी कणा सापडला या माणसाला. मी तिथेच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. झेलिगमान हसला. म्हणाला, "अरे लगामा, तुझा हात सुटला की!" मिन्ना डोळे पुसत कॉफी करायला गेली. त्या दिवसानंतर झेलिगमानने पुन्हा कधी विचारलं नाही. निर्धास्त झाला.

ऑक्टोबरमध्ये तो गेला. शेतांतून बटाटे काढायचे दिवस, सगळीकडे जाळलेल्या पाल्याचा धूर. त्यांच्यात लगेच दुसऱ्या दिवशी पुरतात. टेकडीवर मोजकीच माणसं होती. त्यांचे नातलग, प्रार्थना म्हणणारे गुरुजी, मी आणि दोन म्हाताऱ्या शेतकरणी. योस्टला म्हटलं चल, तर त्याची कंबर धरली होती. शवपेटी फाटकाशी टेकवली आणि गुरुजी पुढे व्हायला लागले, तेव्हा मिन्ना म्हणाली, "जरा थांबू या. कॉनराड येतोय."

थांबलो. वारा सुटला होता. खालचा रस्ता तिथून पुलापर्यंत दिसतो, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गुरुजींनी मिन्नाकडे पाहिलं. ती म्हणाली, "येईल. शब्द दिलाय त्याने." पेटी उचलणारे पाय बदलायला लागले. शेवटी मी म्हटलं, "मी बघून येते," आणि धावतच खाली गेले. म्हटलं, पडला-बिडला असेल, नाहीतर राबेच्या माणसांनी अडवलं असेल. वाटेत मी देवाची प्रार्थना केली, की अडवलेलंच असू दे.

दुकानाचं दार उघडं होतं. कॉनराड आत स्टुलावर बसला होता. काळा कोट, पांढरी कॉलर, गुडघ्यावर टोपी. दाढी केलेली. बूट चकाचक. कुणीही अडवलं नव्हतं.

"कॉनराड! सगळे खोळंबलेत. ऊठ."

"मला येता येत नाही, एलीझे."

"पाय मोडलेत का?"

"राजीनामा अजून लागू नाही झाला." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नियमावलीत आहे, राजीनामा वर्षअखेर लागू होतो. एकतीस डिसेंबरला. तोपर्यंत मी सभासद आहे. सभासदाला हुकूम लागू आहे. मी सकाळीच राबेकडे गेलो होतो, म्हटलं आजच्यापुरती सूट द्या. तो म्हणाला, नियम तुम्हालाच जास्त माहीत."

माझ्या अशी तिडीक गेली डोक्यात! "अरे, मेलेल्या माणसाने डिसेंबरपर्यंत थांबायचं का? तिथे फाटकात ठेवलंय त्याला! तुझ्यासाठी ठेवलंय!"

"मला माहीत आहे."

"मग चल ना! काय करतील? मंडळातून काढतील? तुला जायचंच आहे ना त्यातून?"

"काढलं तर काढलं असं होईल. मला रीतसर बाहेर पडायचंय."

"रीतसर!" मी त्याच्या कॉलरला धरून हलवलं त्याला. खरंच हलवलं. साठीचा माणूस, रडत होता. रडत होता पण उठत नव्हता. राग कशाचा येतो सांगू? भित्रा असता तर मी समजले असते. गावात भित्रे काय कमी होते, माझ्या घरात एक होता. हा भित्रा नव्हता. याला मारायला कुणी आलं असतं तर छाती पुढे करून उभा राहिला असता. हा त्या कागदावरची एक ओळ ओलांडू शकत नव्हता, आणि ती ओळ आता राबेच्या हातात होती.

मी एकटीच वर गेले. मिन्नाने विचारलं, "आजारी आहे का गं?" खोटं सांगणं सोपं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, "नाही. त्याचा राजीनामा डिसेंबरअखेर लागू होतो." तिला कळलं नाही, मला पुन्हा सांगावं लागलं. मग तिने गुरुजींना मानेने खूण केली. गाणं न होता झेलिगमान प्लाउटला पुरलं. ढेकळं पेटीवर पडल्याचा आवाज मी त्याआधी कधी इतका स्पष्ट ऐकला नव्हता, कारण आमच्या गावात तेव्हा नेहमी कुणीतरी गात असायचं.

त्यानंतर मी कॉनराडशी बोलले नाही. खानावळीत आला तर बिअर द्यायची, तोंड फिरवायचं. मिन्ना घर आवरत होती. तिचा भाऊ हॉलंडला होता, ती तिकडे जायला निघाली होती. बिचारीला वाटलं हॉलंड लांब आहे, तिथवर हे लोक पोचणार नाहीत. पुढचं माझ्याच्याने बोलवत नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दुपारी मी मिन्नाकडे होते, भांडी कागदात गुंडाळत. दार वाजलं. मीच उघडलं. कॉनराड. तोच काळा कोट, खांद्यावर बर्फ, हातात टोपी. माझ्या खांद्यावरून तो आत मिन्नाकडे बघत होता.

"मिन्ना," तो म्हणाला, "कालपासून मी सभासद नाही. आता मला कुणी अडवू शकत नाही. तू म्हणशील तर आत्ता टेकडीवर जाऊ. तिन्ही गाणी म्हणतो. सगळी कडवी."

मिन्ना हात पुसत दारापर्यंत आली. एवढी वर्षं ती त्याला अरे-तुरे करायची, पत्त्यांत हरला की कान धरायची. त्या दिवशी म्हणाली, "राजीनामा मंजूर झाला का तुमचा, श्रीयुत वीगांट?"

"हो. झाला."

"कोणी केला?"

कॉनराड म्हणाला, "राबेनं. सही लागते नेत्याची."

"म्हणजे राबेची परवानगी मिळाल्यावर तुम्ही माझ्या नवऱ्यासाठी गायला आलात," मिन्ना म्हणाली. "नको. त्याच्या थडग्यापाशी राबेच्या परवानगीचं काही नको मला."

ती भांड्यांकडे परत गेली. कॉनराड तसाच पायरीवर उभा राहिला, तोंड अर्धवट उघडं, टोपी हातात, आणि बर्फ पडत होता. आत ये म्हणायचं माझ्या जिभेवर आलं नाही. मी दार लावून घेतलं.